गोवराच्या साथीत लसीची परिणामकारकता कशी मोजावी: पहिल्यांदा पाड्यावर निघालेल्यांसाठी

पदव्युत्तर शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षी गोवराची साथ बघायला मी सातपुड्यातल्या एका पाड्यावर गेलो होतो. दारात कडुनिंबाचा पाला लावलेल्या घरातून एक आजी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "सुई घेतलेल्या पोरांनाच गोवर निघाला. मग सुई टोचली कशाला?" सूत्र मला पाठ होतं, पण आजींना देण्यासारखं उत्तर नव्हतं. तेव्हापासून अशा कामावर निघालेल्या प्रत्येक नव्या मुलामुलीला मी आधी हे उत्तर समजावून सांगतो.

समजा गावात शंभर मुलं आहेत. नव्वदांनी लस घेतली आहे, दहांनी नाही. न घेतलेल्या दहांपैकी आठ आजारी पडली आणि घेतलेल्या नव्वदांपैकी अकरा. म्हणजे एकोणीस रुग्णांत अकरा लस घेतलेले, निम्म्याहून जास्त. आजींना दिसतं ते हेच, आणि ते खरंही आहे. पण न घेतलेल्यांत दहातली आठ, तर घेतलेल्यांत नव्वदातली अकरा. पहिलं प्रमाण ८० टक्के, दुसरं १२ टक्के. लसीने जवळपास ८५ टक्के आजार टाळला. गाव जितकं चांगलं लसवंत, तितके रुग्णांत लस घेतलेले जास्त दिसणार.

हे गणित अर्ध्या तासाचं आहे. ते अकरा आणि ते नव्वद खरे आहेत का, हे शोधायला मात्र आठवडे लागतात. हा लेख मुख्यतः त्या आठवड्यांबद्दल आहे.

१. प्रश्न नेमका करा

"लस चालते का?" या प्रश्नाला आकड्यात उत्तर नसतं. कोणती लस, किती डोस, कोणत्या वयात आणि कशापासून संरक्षण, हे चारही एका वाक्यात लिहा आणि तो कागद वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा.

"कशापासून" हा भाग लोक विसरतात. आपल्याकडचंच जुनं उदाहरण घ्या. जीवाणूशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंधेरा गावात प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्या माणसांना टोचली. टोचलेल्या ७१ जणांत ८ आजारी पडले, ३ दगावले. न टोचलेल्या ६४ जणांत २७ आजारी पडले, २६ दगावले. गणित केलं तर आजारापासून संरक्षण सुमारे ७३ टक्के, मृत्यूपासून सुमारे ९० टक्के. लस तीच, गाव तेच, प्रश्न बदलला की उत्तर बदललं. एकाच घरातली माणसं दोन्ही गटांत असल्यामुळे प्लेगशी गाठ पडण्याची शक्यता दोघांना जवळपास सारखी होती. आजही तुलना करताना याच समानतेसाठी धडपडावं लागतं.

आणखी एक भेद आधीच लक्षात ठेवा. चाचणीत, निवडलेल्या मुलांवर, वेळच्या वेळी आणि योग्य थंडाव्यात ठेवलेल्या लसीची मोजतात ती क्षमता. आपण मोजतो ती परिणामकारकता. तीत वीज गेलेली रात्र, उशिरा मिळालेला डोस, कुपोषण असं सगळं आलं.

२. पद्धत निवडा

साधनं कमी असतील तर तीन वाटा आहेत.

गाव लहान असेल आणि साथ सगळ्या पाड्यांवर फिरून गेली असेल, तर घरोघरी जाऊन प्रत्येक मुलाची नोंद करा आणि दोन्ही गटांतलं आजारी पडण्याचं प्रमाण काढा. नवशिक्यांना मी हीच वाट सुचवतो. पाय दुखतात, पण चूक लपत नाही.

तालुकाभर रुग्ण विखुरलेले असतील तर प्रत्येक रुग्णामागे त्याच पाड्यावरची, त्याच वयाची, आजारी न पडलेली तीन-चार मुलं घ्या आणि लसीची तुलना करा. रुग्ण आणि तुलनेचं मूल यांच्या लसीची चौकशी अगदी एकसारखी व्हायला हवी. रुग्णाच्या घरी तासभर बसून कार्ड शोधायचं आणि शेजारच्या घरी दारातूनच विचारून निघायचं, एवढ्याने निकाल बिघडतो.

तिसरी वाट सगळ्यांत स्वस्त: रुग्णांत लस घेतलेले किती टक्के आणि एकूण मुलांत किती टक्के, एवढ्या दोनच आकड्यांवर हिशोब. पटकन अंदाज घ्यायला ठीक, पण तिचा धोका सातव्या पायरीत बघा.

रोटाव्हायरससारख्या आजाराला रुग्णालयात बसून वेगळी पद्धत वापरतात. जुलाबाने दाखल झालेल्या सगळ्या मुलांची शौच तपासणी करायची, विषाणू सापडला ते रुग्ण आणि नाही सापडला ते तुलनेचे. दोन्ही गटांतले पालक मुलाला रुग्णालयात आणणारेच, त्यामुळे "दवाखान्यात जाणारं घर आणि न जाणारं घर" हा फरक बराचसा गळून पडतो. रोटाव्हॅक या भारतीय लसीच्या चाचणीत, जिच्या तीन केंद्रांपैकी एक पुण्याजवळचं वढू होतं, रोटाव्हायरसच्या तीव्र जुलाबापासून पहिल्या वर्षी ५६ टक्क्यांच्या आसपास संरक्षण दिसलं. श्रीमंत देशांत रोटाव्हायरसच्या लसींचे आकडे याहून बरेच वर असतात. त्या आकड्यांशी तुलना करून आपली लस कमअस्सल ठरवू नका. आपल्याकडे आजार इतका पसरलेला आहे की कमी टक्केवारीतही वाचणारी मुलं जास्त असतात.

३. कागदपत्रं आणि सामान

- जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचं पत्र. त्याची प्रत तालुका आरोग्य अधिकारी आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला आधी पोचलेली असावी
- निकाल प्रसिद्ध करायचा असेल तर संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी. साथ सुरू झाल्यावर अर्ज केला तर साथ संपते, म्हणून आराखडा आधीच मंजूर करून ठेवा
- पालकांसाठी संमतीपत्र, आणि पावरी, भिली, कोरकू बोलणाऱ्या भागात तिथली बोली बोलणारा सोबती
- उपकेंद्राच्या लसीकरण नोंदवह्या, आशाताईंची यादी, अंगणवाडीची हजेरी
- छापील प्रश्नावली. माहिती भरायचं कोबो टूलबॉक्स हे अ‍ॅप फोनवर नेटशिवायही चालतं, पण पाड्यावर चार्जिंग मिळेलच असं नाही
- स्थानिक सणांचं कॅलेंडर

शेवटचं सामान तुम्हाला स्वतः बनवावं लागेल. आई "बाळ होळीनंतर झालं" किंवा "सारंगखेड्याच्या यात्रेला पोटात होतं" असं सांगते, तारीख सांगत नाही. भोंगऱ्या बाजार, दिवाळी, पहिला पाऊस, ऊसतोडीला निघाल्याचा दिवस हे सगळं मागच्या पाच वर्षांसाठी एका कागदावर मांडून ठेवा. आधारवरची जन्मतारीख १ जानेवारी किंवा शाळेच्या दाखल्यावरची १ जून दिसली तर ती खरी धरू नका.

४. रुग्ण कोणाला म्हणायचं

ताप आणि अंगावर पुरळ, पाण्याचे फोड नसलेलं. एवढी व्याख्या सगळ्यांनी सारखी वापरा. बोलीभाषेत गोवर आणि कांजिण्या यांची सरमिसळ होते, म्हणून नाव विचारू नका, वर्णन विचारा: पुरळ चेहऱ्यावरून खाली उतरलं का, डोळे लाल होते का, फोडात पाणी होतं का.

प्रत्येकाचं रक्त तपासता येणार नाही, आणि गरजही नाही. सुरुवातीच्या पाच संशयितांचे नमुने जिल्हा सर्वेक्षण यंत्रणेमार्फत पाठवा. त्यांत गोवर पक्का झाला की त्यांच्या संपर्कातले बाकीचे रुग्ण संबंधावरून धरता येतात. पुरळ उठल्यापासून २८ दिवसांच्या आत रक्त घ्या. पहिल्या तीन दिवसांत घेतलेलं रक्त खोटं नकारात्मक येऊ शकतं.

हिशोबात १२ महिने पूर्ण झालेलीच मुलं घ्या. नऊ महिन्यांखालच्यांना नियमित डोस मिळालेलाच नसतो आणि नऊ ते बारा महिन्यांत मिळण्याची मुभा असते. ही बाळं "लस न घेतलेली" म्हणून मोजली तर निकाल वाकडा होतो. ज्याला आधीच गोवर होऊन गेला आहे, तेही मूल बाजूला काढा.

दवाखान्यात आलेल्या रुग्णांवरच यादी थांबवू नका. आरोग्य केंद्रात येणारी कुटुंबं बऱ्याचदा लसही घेणारीच असतात. त्यांचेच रुग्ण मोजले की लस नापास झाल्यासारखी दिसते.

५. लसीची तारीख शोधा

इथे घाई करू नका. तुमचा सगळा अभ्यास या एका रकान्यावर उभा आहे.

वरच्या शंभर मुलांच्या गावातच बघा. लस घेतलेल्या पाच मुलांची कार्डं हरवली आणि तुम्ही त्यांना "न घेतलेली" लिहिलंत, त्यातलं एक आजारी होतं, तर ८५ टक्के घसरून ८० वर येतात. उलट, न घेतलेल्या पाच मुलांच्या कार्डावर चुकून टिक पडली आणि त्यातली चार आजारी होती, तरीही आकडा ८० वरच येतो. चूक दोन्ही बाजूंनी लसीला कमीपणा आणते, आणि त्यासाठी पाच मुलं पुरतात.

सुरुवात माता-बाल संरक्षण कार्डापासून करा. ते बहुधा पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाच्या प्लॅस्टिक पिशवीत असतं. आईला वेळ द्या. कार्डाचा फोटो घ्या, म्हणजे संध्याकाळी पुन्हा तपासता येईल. टिक असेल पण तारीख नसेल तर "तारीख नाही" असंच लिहा. सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच हाताने, एकाच बैठकीत भरल्यासारख्या दिसल्या तर उपकेंद्रातल्या सत्राच्या दिवसाशी तारीख ताडून बघा. हे करताना आशाताई किंवा नर्सताईंवर संशयाचा सूर लावू नका. कार्ड पावसात भिजलं म्हणून नवीन कार्डावर जुन्या नोंदी उतरवून दिलेल्या मी कितीतरी पाहिल्या आहेत. आणि त्यांनी पाठ फिरवली तर पुढचं एकही दार उघडणार नाही.

कार्ड नसेल तर नोंदवही. तिथे दोन खाचखळगे आहेत. बारशाआधीची नोंद मुलाच्या नावाने नसते, आईच्या नावाने असते, त्यामुळे "रोहित" शोधून सापडत नाही. दुसरा: पहिलं बाळंतपण माहेरी झालेलं असतं आणि सुरुवातीचे, कधीकधी नऊ महिन्यांचेही डोस माहेरच्या उपकेंद्रात मिळालेले असतात. म्हणून प्रश्नावलीत आईचं माहेर हा रकाना घालाच. माझ्या पहिल्या अभ्यासात तो नव्हता. "न घेतलेली" म्हणून लिहिलेल्या मुलांसाठी मला नंतर डोंगरापलीकडच्या तीन गावांत फोन करत बसावं लागलं, आणि त्यातल्या काहींची नोंद तिथल्या वहीत व्यवस्थित होती. ऊसतोडीला गेलेल्यांचंही तसंच, डोस कारखान्याच्या तळावर मिळालेला असू शकतो.

कार्डही नाही, वहीही नाही, तेव्हाच आईची आठवण. "गोवराची लस दिली का?" असं विचारलं की आई आपल्याला बरं वाटावं म्हणून "हो" म्हणते. त्याऐवजी विचारा: बाळ बसायला, रांगायला लागलं होतं का? सुई मांडीवर होती की दंडावर, आणि कुठल्या दंडावर? त्याच वेळी चमच्याने गोड घट्ट औषध पाजलं का? गोवर-रुबेलाची लस उजव्या दंडावर देतात आणि पहिल्या डोससोबत जीवनसत्त्व 'अ' पाजतात. डाव्या दंडावरचा व्रण बीसीजीचा असतो. तो दाखवून आई "हीच ती गोवराची" म्हणाली तर तिला दुरुस्त करत बसू नका, फक्त नोंद बरोबर करा.

महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ पासून झालेल्या गोवर-रुबेला मोहिमेचा डोस नेहमीच्या कार्डावर सहसा नसतो. मोठ्या भावंडांना तो शाळेत मिळालेला असतो. साथीच्या वेळी नऊ महिन्यांआधी दिलेला जादा डोसही वेगळा लिहा, तो पहिला डोस म्हणून मोजायचा नसतो. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीसह अनेक वस्त्यांत साथ पसरली, तेव्हा सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांसाठी असा डोस सुचवला गेला होता.

शेवटी प्रत्येक मुलासमोर पुरावा काय ते लिहा: कार्ड, नोंदवही की आठवण. विश्लेषण दोनदा करा, एकदा सगळ्यांचं, एकदा फक्त लेखी पुरावा असलेल्यांचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत पूर्ण लसीकरण कार्ड किंवा आठवणीवरून ७६.४ टक्के निघालं, आणि फक्त कार्ड दाखवणाऱ्यांत ८३.८ टक्के. कार्ड जपणारी घरं वेगळी असतात.

६. आधी डोस की आधी पुरळ

साथ लागली की आरोग्य खातं लगेच लसीकरण करतं, आणि ते केलंच पाहिजे. पण त्यामुळे तुमच्या नोंदी गुंततात. ज्याच्या अंगात विषाणू आधीच शिरला होता त्याला डोस दिला आणि आठवड्याने पुरळ उठलं, तर ते लसीचं अपयश नव्हे. डोसनंतर १४ दिवसांच्या आत पुरळ उठलेली मुलं वेगळी काढा. सगळ्यांत सोपं म्हणजे साथीतलं लसीकरण सुरू झालं त्या दिवशी गाव कसं होतं, ते चित्र गोठवा आणि त्या दिवसापर्यंतचीच लस मोजा. पुरळाची तारीख नीट लिहिली नसेल तर हे जमणार नाही.

७. छेद आणि गणित

मूळ सूत्र एवढंच: न घेतलेल्यांतलं आजारी पडण्याचं प्रमाण, वजा घेतलेल्यांतलं प्रमाण, भागिले न घेतलेल्यांतलं प्रमाण. एक डोस आणि दोन डोस वेगळे ठेवा. नऊ महिन्यांच्या एका डोसकडून साधारण ८५ टक्क्यांची अपेक्षा असते. आईकडून आलेली प्रतिद्रव्यं तेव्हा थोडी उरलेली असतात. वर्षानंतर दिलेल्या डोसकडून ९५ च्या आसपास अपेक्षा धरतात.

तिसऱ्या वाटेने गेलात तर रुग्णांतलं घेतलेले-न घेतलेले गुणोत्तर काढा, गावातलं तेच गुणोत्तर काढा, पहिल्याला दुसऱ्याने भागा आणि एकातून वजा करा. आपल्या गावात ११ भागिले ८, म्हणजे १.३७५. गावात ९० भागिले १०, म्हणजे ९. उत्तर तेच ८५ टक्के. आता समजा गावातलं लसीकरण ९० नव्हे, ८० टक्के होतं. उत्तर ६६ वर येतं. ९५ टक्के धरलं तर ९३ वर जातं. रुग्ण तेच, लस तीच, फक्त लसीकरणाचा आकडा हलला. अहवालातला आकडा म्हणूनच डोळे झाकून घेऊ नका. तिथला छेद बऱ्याचदा जन्मदरावरून काढलेला अंदाज असतो आणि स्थलांतराच्या गावात तो फसतो, कधी टक्केवारी शंभराच्याही वर जाते. शक्य असेल तर स्वतः पाहणी करा. लोकसंख्येच्या प्रमाणात निवडलेल्या ३० वस्त्या आणि प्रत्येकी ७ मुलं, ही जुनी रीत दोन जोड्यांना साधारण आठवड्याभरात झेपते. बाजाराच्या दिवशी जाऊ नका, घरं बंद असतात. होळीच्या आसपास गेलात तर बाहेरगावी गेलेली कुटुंबंही भेटतात.

आकड्यासोबत त्याची व्याप्ती द्या, म्हणजे खरा आकडा कुठून कुठपर्यंत असू शकतो ते (कॉन्फिडन्स इंटरव्हल). आपल्या शंभर मुलांच्या गावात ८५ टक्क्यांची ९५ टक्के खात्रीची व्याप्ती ७१ ते ९२ आहे. ओपन एपी किंवा एपी इन्फो ही सॉफ्टवेअरं ती फुकट काढून देतात.

वयोगट आणि पाडा वेगवेगळे करून पुन्हा गणित करा. रस्त्याकडेची वस्ती लसवंत आणि डोंगरावरचा पाडा कोरा, आणि साथ डोंगरावर पोचलीच नाही, असं झालं तर लस निरुपयोगी असल्याचा भास होतो. साथ पोचलेल्या पाड्यांपुरतीच तुलना ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे ज्या घरात एक रुग्ण निघाला, त्याच घरातल्या बाकीच्या मुलांची तुलना. उंधेऱ्याची तीच युक्ती.

८. आकडा कमी आला तर

आधी पाचव्या पायरीकडे परत जा. तिथे सगळं ठीक असेल तरच शीतपेटी उघडा. लस साठवायच्या बर्फअस्तर फ्रीजचं (आइस-लाइन्ड रेफ्रिजरेटर) तापमान २ ते ८ अंशांत होतं का, नोंद दिवसातून दोनदा झाली आहे का. महिनाभर सकाळ-संध्याकाळ एकच आकडा दिसला तर वीज कधी गेली होती ते शेजारच्या गिरणीवाल्याला विचारा, त्याला नक्की आठवतं. गोवराच्या कुपीत द्रावण मिसळल्यावर ती चार तासांत वापरायची किंवा फेकायची असते. पाड्यावर दुपारी तीन वाजता पोचणाऱ्या ताईंची कुपी सकाळी किती वाजता उघडली होती, हे आपुलकीने विचारा. लस घेऊनही आजारी पडलेली मुलं एकाच उपकेंद्राची, एकाच काळातली किंवा एकाच बॅचची निघाली तर धागा सापडला समजा. सगळीकडे सारखी पसरलेली असतील तर एका डोसच्या मर्यादेचा विचार करा.

९. निकाल कोणाला, कसा

अहवाल जिल्ह्याला जाईलच. गावाला मात्र टक्केवारी सांगू नका. जमिनीवर दहा खडे आणि नव्वद खडे मांडा, त्यातले आजारी बाजूला काढा. आजींना मी दुसऱ्या फेरीत असंच दाखवलं. त्यांनी न घेतलेल्यांच्या ढिगातले उरलेले दोन खडे उचलून विचारलं, "ही दोन कुणाची पोरं?"

लस न मिळालेल्या किंवा एकच डोस मिळालेल्या मुलांची यादी तुमच्या वहीत असतेच. पाडा सोडण्याआधी, त्याच दिवशी, तिची प्रत नर्सताईंच्या हातात द्या.